महादेवाचा बोळा

“बोळा तूच कोंबलास, आता तूच काढ,” दिनकरराव म्हणाले. शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीनं उभ्या असलेल्या सगळ्या गावानं माना डोलावल्या.

दगडाबाईनं आपल्या पोराकडं पाहिलं. भुजंग ओल्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन उभा होता.

आषाढ अर्धा सरला तरी थेंब पडेना, तेव्हा गावानं रीतीप्रमाणं महादेव कोंडला होता. गाभाऱ्याच्या गोमुखात बोळा कोंबायचा, बायांनी घागरी ओतून पिंड बुडवायची. जीव गुदमरला की देव झक मारत पाऊस पाडतो. बोळ्याचं काम भुजंगाकडं होतं. पाऊस आला. पोळ्यापासून तर असा आला की, सूर्य कुठून उगवायचा यावर गावात भांडणं लागली. किशनरावांच्या दाढीला हरभऱ्यासारखे मोड आले, असं ते स्वतःच शपथेवर सांगत. नऊ दिवस झाले. खालच्या आळीत कंबरभर पाणी साचलं होतं. दगडाबाईचं घर त्याच आळीत. मातीच्या भिंती आजचा दिवस काढतील की नाही, कुणी सांगावं.

“मालक, बोळा मी पयल्याच पावसाला काढलाय,” भुजंग म्हणाला.

“मग पाऊस थांबंना काहून?”

लोक हसले.

“पाऊस पडू द्या की,” दगडाबाई मधेच बोलली. “साचलेलं पाणी तर जायला पायजे. त्या ओढ्यावरच्या नळ्या…”

एवढं म्हणायची खोटी, सगळा गाव आभाळाकडं बघायला लागला. इतक्या एकमतानं त्या गावानं दुष्काळातही आभाळ पाहिलं नव्हतं.

ओढ्यावरून दिनकररावांच्या उसाकडं नवा रस्ता गेला होता. त्याखाली सिमेंटच्या दोन नळ्या. त्यांची तोंडं दिनकररावांनी मातीची पोती रचून बुजवून घेतली होती. उघडली असती तर गावातलं पाणी त्यांच्या बारा एकर उसात शिरलं असतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण निम्मं गाव त्याच उसात मजुरीला जाई आणि उरलेलं त्यांच्या ट्रॅक्टरनं नांगरून घेई. तेव्हा चूक महादेवाची ठरली.

“माय, माझा कोयता दे,” भुजंग म्हणाला.

“बोळा काढायला कोयता?” दिनकररावांनी भुवया चढवल्या.

“गाळात घट्ट बसला असंल, मालक. कापून काढावा लागंल.”

“जा, जा. नावाचाच भुजंग तू. महादेव गळ्यात घालून घेईल तुला!”

पुन्हा हशा झाला. दगडाबाई मात्र हसली नाही. बोळा चिंध्यांचा होता. तिच्याच जुन्या लुगड्याच्या. त्यात कापण्यासारखं काही नव्हतं. ‘जाऊ नको’ म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला आपली पाण्यातली भिंत दिसली, आणि तिनं तोंड मिटलं. बोचक्यातून कोयता काढून दिला.

दहा पावलांवर भुजंग पावसात दिसेनासा झाला. गावानं ‘हर हर महादेव’ केला, व्हरांड्यातूनच.

दुपारी ओढ्याकडून मालगाडी गेल्यासारखा आवाज आला. खालच्या आळीतलं पाणी बघता बघता उतरलं. दिवस मावळेस्तोवर चुली उघड्या पडल्या. दगडाबाईची भिंत उभी होती. भुजंग आला नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि तो सापडला. रस्त्याच्या पलीकडं, आडव्या झालेल्या उसात. एका हातात कोयता, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. ती मूठ दगडाबाईनंच सोडवली.

देवळात गेलेला माणूस उसात कसा? शेवटी दिनकररावांनाच सुचलं.

“भुयार! गाभाऱ्यातून ओढ्याला भुयार हाय. आमचे वडील सांगायचे.”

गावाचा जीव भांड्यात पडला. किशनरावांना तर लगेच आठवलं, त्यांच्या आज्याची म्हैस याच देवळात शिरली होती आणि पूर्णेच्या बाजारात निघाली होती; वाटेत व्यालीही होती. आठवडाभरात भुयार एवढं वाढलं की, त्यातून बैलगाडी जाऊ लागली.

तेराव्याला दिनकररावांनी पंगतीत जाहीर केलं, “भुजंगाच्या नावानं देवळात संगमरवरी पाटी लावू. भुयारात उतरून गाव तारलं पोरानं. मावशे, आणखी काही लिवायचं का त्यात?”

दगडाबाईनं पदराची गाठ सोडली. मुठीतून निघालेलं चिंधूक सगळ्यांपुढं धरलं. पांढरं प्लास्टिक, वर हिरवी अक्षरं.

“लावा की पाटी. फकस्त एवढं लिवा मालक, देवाच्या भुयाराच्या तोंडात तुमच्या युरियाची पोती व्हती.”

पंगतीतले हात थांबले. सगळा गाव आभाळाकडं बघायला लागला.

आभाळ कोरडं ठणठणीत होतं.