सहावी खुर्ची

वेतकाम करणारे रमजानभाई बारामतीहून सणसरला आले, तेव्हा कुशाबाईंनी वेताच्या सहाही खुर्च्या पडवीत मांडून ठेवल्या होत्या. पाच वर्षांपूर्वी रमजानभाईंनीच त्या विणून दिल्या होत्या. आता त्यांनी एकेक बैठक हातानं दाबून पाहिली. पाच खुर्च्या अगदी सारख्याच खोल गेल्या होत्या.

“घर भरलेलं दिसतंय मावशी. बसणारी लई हायत.”

“ही आमच्या रणजितची. ही सुनंची. आन् ह्या तीन नातवंडांच्या.”

रमजानभाईंनी सहावी दाबली. विणकाम जसंच्या तसं ताठ होतं.

“हिच्यात कुणीच बसत न्हाय व्हय?”

“ती माझी.”

“मग बसत का न्हाय?”

कुशाबाईंनी पदरानं त्या खुर्चीवरची धूळ पुसली.

“तुमीच म्हणला होता न्हवं, माणूस बसला न्हाय की वेत वाळून मोडतो? समदी पुण्याला गेली, तवापासून रोज एकेकाच्या खुर्चीत मीच बसते. माझ्या खुर्चीची पाळीच येत न्हाय.”