टाकीतली वळवळ

"हे जंत नाहीत, काका," प्रविण काचेला भिंग लावून म्हणाला. "दिसतात तसे, पण कुणाला काही करत नाहीत."

हैबतरावांचा विश्वास बसला नाही. "मग हाय तरी काय ते?"

मनाली सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभी होती. टाकीच्या काचेवर केसासारखे बारीक पांढरे धागे वळवळत होते. नितेश गेल्यापासून तीन वर्षं तिनं ही टाकी जिवापाड सांभाळली होती. आतली झाडं, मासे, नवऱ्यानं हौसेनं आणलेल्या इवल्याशा लाल कोळंब्या. हैबतराव त्यांना करंदी म्हणत. ते धागे पाहून ती घाबरली होती, आणि सासऱ्यांनीच कुठून तरी पेणच्या या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराचा नंबर मिळवून त्याला रोह्याला बोलावलं होतं.

"हे बघा," प्रविणनं तिच्या हातात भिंग दिलं. "अंगाला बारीक वळ्या आहेत ना? चपटा, तिकोनी डोक्याचा, काचेवरून सरपटणारा असता तर काळजी होती. तो कोळंब्या खातो. हे बिचारे खडीतला गाळ खातात. तुम्ही माशांना जरा जास्तच खायला घालता."

"उपाशी राहतील असं वाटतं."

"माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढंच असतं हो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी आपण हसलो, हे तिचं तिलाच जाणवलं.

प्रविणनं नळी लावून खडीतला गाळ उपसला, खाणं दिवसाआड करायला सांगितलं आणि तो पेणला परत गेला. दहा दिवसांत काच स्वच्छ झाली.

त्यानंतरच्या शनिवारी हैबतराव म्हणाले, "मनाली, टाकीत परत वळवळ हाय गो."

तिला काही दिसेना. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, सासऱ्यांच्या डोळ्यांचा नंबर तिला तोंडपाठ होता; एवढं बारीक त्यांना दिसणं कठीणच होतं. पण त्यांनी बोट दाखवलं तिथं, एका झाडाच्या मुळाशी, खरंच चार-पाच तांबूस धागे डुलत होते.

रविवारी प्रविण आला. या खेपेला त्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलता बोलता थांबला.

"वाईट आहेत?" तिनं विचारलं.

"नाही. मासे आवडीनं खातील. पण मला पुन्हा यावं लागेल."

तो पुन्हा आला. मग पुन्हा. शेतातलं भात पिवळं झालं तरी टाकीतली वळवळ काही थांबेना. काम पंधरा मिनिटांचं, पण चहा होई, गप्पा होत. मनाली नितेशबद्दल बोले आणि तो मध्ये न बोलता ऐके. हैबतराव मात्र खुर्चीत बसून त्याची उलटतपासणी घेत.

"घरी कोण कोण?"

"आई."

"आणि लग्न?"

"राहिलं, काका. बहिणींची करता करता."

"दारूबिरू?"

"नाय, काका."

मनालीला मेल्याहून मेल्यासारखं होई. बाबांना संशय आलाय, हे उघड होतं. "किती दिवस चालायचं हे?" असंही ते प्रविणला तोंडावर विचारत.

वर्षापूर्वी तिचा भाऊ जोह्याहून तिला माहेरी न्यायला आला होता. तेव्हा हैबतराव म्हणाले होते, "जा गो पोरी. अजून वय हाय तुझं." ती दोन दिवस जेवली नव्हती. "मी जड झाले का तुम्हाला?" एवढंच तिनं विचारलं, आणि तो विषय त्या घरात परत निघाला नाही. धाटावच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेला, बायको आणि मुलगा दोघांना पोचवून आलेला माणूस. त्याला एकट्याला टाकून जायचं?

आणि तरीही शनिवारी टाकीत वळवळ दिसली की तिला बरं वाटे. त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटू लागली.

दिवाळीनंतरच्या रविवारी हैबतराव सकाळीच कुठेतरी बाहेर पडले. प्रविण आला तेव्हा मनालीनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"आता येऊ नका तुम्ही," ती म्हणाली. "ही टाकीच काढून टाकते मी."

प्रविणनं हातातलं भिंग पिशवीत ठेवलं.

"एक सांगू? पहिल्यांदा आलो तेव्हाचे किडे टाकीतलेच होते. नंतरचे नव्हते. ते गटाराच्या चिखलात होतात. टाकीत आपणहून येत नाहीत, कुणीतरी आणून सोडावे लागतात."

मनालीनं वाकून झाडाच्या मुळाशी पाहिलं.

"मला दुसऱ्याच खेपेला कळलं होतं. बोललो नाही. वाटलं, मी यावं असं तुम्हाला वाटतंय आणि सांगता येत नाहीये. मलाही यायचंच होतं." त्यानं पिशवी खाली ठेवली. "आज आईशी बोलून आलोय. काकांना एकटं ठेवायचं नाही, हे तिनंच सांगितलंय. माझ्याशी लग्न कराल?"

मनालीचे डोळे भरून आले.

"पण मी नाही सोडले हो," ती कशीबशी म्हणाली. "देवाशपथ. मला वाटायचं, तुम्हीच..."

"मी? नाही!"

दोघांनी एकदमच टाकीकडे पाहिलं.

मागचं दार वाजलं. हैबतराव आत आले. लेंगा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, हातात झाकणाची बरणी. त्यांनी प्रविणकडे पाहिलं, मग सुनेच्या डोळ्यांकडे.

"विचारलंन काय त्यानं?"

तिनं मान हलवली.

हैबतराव भिंतीला धरून हळूच खाली बसले.

"मग व्हय म्हण गो बाय," ते म्हणाले. "या वयात आता गटारात वाकवत नाय माझ्यानं."