शैलाचा ओटा

संगणकातल्या नकाशाबरहुकूम आपोआप आकार घेणाऱ्या आपल्या घरात मुकुंदरावांनी दिवंगत बायकोचं, शैलाचं, जुनं फोल्डर डिलीट केलं मात्र, स्वयंपाकघरातला ओटा हळूहळू वर सरकू लागला.

“बाबा, काय केलंत हे!” त्यांना असे नकाशे काढायला शिकवणारी लेक केतकी ओरडली.

“अगं, सगळं घराच्या नकाशात आहेच की!”

“त्यात ओटा नसतोच. नुसता आईच्या फाईलचा पत्ता असतो. ती सापडली नाही, की घर नेहमीच्या मापाचा ओटा करून मोकळं होतं.”

शैला जेमतेम पावणेपाच फूट. तिने स्वतःच्या मापाने काढलेल्या त्या ओट्यावर ती गेल्यापासून मुकुंदराव सहा वर्षं वाकून पोळ्या लाटत होते, पाठदुखीने रोज चरफडत होते.

ओटा थांबला. त्यांनी पोळपाट मांडून लाटणं फिरवून पाहिलं. पाठ ताठ राहिली, काहीसुद्धा दुखेना.

तेव्हा मात्र त्यांना रडू आवरेना.