ओडेनवाल्टचा चढ

गिरणीच्या रंगखात्यातले वेणीमाधव जर्मनीत शिकून आले, तेव्हापासून त्यांना सोलापूरचं उघडं माळरान सोसेना. रोज जेवताना ओडेनवाल्टच्या बुटक्या, गोल डोंगरांचं, तिथल्या झाडीचं, धुक्याचं कौतुक चाले. सकाळी निघालं की माथ्यावर पोचायला संध्याकाळ व्हायची, म्हणत. एवढं कौतुक त्यांच्या बायकोच्या, गोदावरीच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

एकदा ताक वाढता वाढता तिनं विचारलं, "डोंगर दीड हजार फुटांचाच ना? मग चढायला स्वारीला अख्खा दिवस कसा लागायचा?"

"अगं, एल्सा दर वळणावर बसायची की!" वेणीमाधव हसत बोलून गेले आणि घास हातातच राहिला.

आजवर गोदावरी त्या बिचाऱ्या डोंगराचाच मत्सर करत आली होती.