जिन्यावरचं प्रकरण

मरण कुणाच्या हातात नसतं. या रहस्यकथा-मालेत मात्र ते नव्या सहलेखकाच्या हातात होतं. करारात तसं कलमच होतं. पुस्तकं चाळीसच्या वर गेली, लेखकाचा हात दुखू लागला, आणि प्रकाशकाने मुखपृष्ठावर दुसरं नाव आणलं. दुसऱ्या नावाने पहिल्याच पुस्तकात इन्स्पेक्टरची बायको जिन्यावरून पाडून मारून टाकली. वाचक तिला वहिनी म्हणत.

ही वहिनी लेखकाने घरातल्या घरात उचलली होती. दुखरा डावा गुडघा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि इन्स्पेक्टर गुन्ह्याचा गुंता सांगत बसला की भांडी पुसता पुसता म्हणायची ते "बरं, मग?", सगळं त्याच्या बायकोचं. सहलेखक लिहायला आल्यापासून रोज स्वयंपाकघरात बसून तिला विचारायचा, "काकू, जिना उतरताना कुठला पाय आधी टाकता?" तिलाही बरं वाटायचं. तिला इतकं बारकाईने कुणी विचारलं नव्हतं. जिन्यावरचं प्रकरण छापून आलं तेव्हा ते वाचून तीही ओक्साबोक्शी रडली होती.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात एक निवृत्त पोस्टमास्तर, एक ग्रंथपाल बाई आणि एक दातांचे डॉक्टर उभे. तिघंही मालेचे वाचक; एकमेकांशी ओळख नव्हती, जिन्यातच भेट झालेली. हातात पांढरी फुलं. त्यातलं एकेक ते जिन्याच्या वळणावर ठेवून आले होते.

"साहेब आहेत?" पोस्टमास्तरांनी हळू आवाजात विचारलं. "भेटायला आलोय. वहिनींचं फार वाईट झालं."

"अहो, मी धडधाकट उभी आहे की समोर," लेखकाची बायको हसून म्हणाली.

कुणी हसलं नाही. ग्रंथपाल बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बहीण का त्यांच्या? चेहऱ्यात थोडं साम्य आहे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून लेखक आला, मागून सहलेखक. आता नवरा हसेल, ही काय समोर उभी आहे म्हणेल, म्हणून ती थांबली. त्याने फुलं पाहिली. त्याचा चेहरा हळूहळू पडला. मग त्याने हात जोडले.

"चालायचंच," तो म्हणाला.

तिने चहा केला. नवऱ्यापुढे कप धरला तेव्हा तो "थँक्यू" म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच निघाला. ती खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसायला गेली, तर डॉक्टर अर्धवट उठले.

"तिथे नको. ती त्यांची जागा."

ती उभीच राहिली.

"खरं सांगू का साहेब," पोस्टमास्तर म्हणाले, "कव्हरवर दोन नावं बघितली तेव्हा पुस्तक दुकानातच ठेवणार होतो. म्हटलं, आता नुसतं पाणी घालणार. रागावू नका, पण तुम्ही इतकी माणसं मारलीत, आम्हाला एकाचंही काही वाटलं नाही. ह्या मुलाने एकच मारली, आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

लेखकाने मान डोलावली. कौतुक कुणाचं चाललंय हे लक्षात आलं तोवर डोलावून झाली होती.

"बरं, मग?" ती म्हणाली. तिला तेवढंच सुचलं.

पोस्टमास्तरांनी रुमाल काढला. "अगदी अशाच म्हणायच्या हो."

"तितकं नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "त्यांच्या म्हणण्यात एक वेगळंच काहीतरी होतं."

तिने भिंतीला हात टेकला. भिंत होती.

"एवढं वाईट वाटतंय तर आणा की तिला परत," ती म्हणाली. "पुढच्या पुस्तकात. गडगडली, पण वाचली म्हणा. अशा पुस्तकांत खपतं ते." मग नवऱ्याकडे वळली. "सांगा ना हो यांना. मी इथे आहे म्हणून सांगा."

नवऱ्याने सहलेखकाकडे पाहिलं. सहलेखकाने एकदा तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं. मुलगा मुळात सभ्य होता.

"आपण वाचकांनाच विचारू," तो म्हणाला. "वहिनी परत याव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

कुणी हललं नाही. ग्रंथपाल बाई मांडीवरच्या फुलाची पाकळी सरळ करत राहिल्या.

"जीव तुटतो हो," त्या म्हणाल्या, "पण गेल्या त्या छान गेल्या. आता परत आल्या तर ती मजा राहणार नाही."

"शिवाय आम्ही रडलो त्याचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने आपला हात वर केला.

"घरच्यांचं मत धरत नाहीत," पोस्टमास्तरांनी तिला समजावलं.

तेव्हा नवऱ्याचा हात मांडीवरून उचलला गेला. सावकाश वर येऊ लागला. छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला. ती बघत राहिली. हात नाकापाशी थांबला, त्याने चष्मा सरळ केला, आणि कप उचलून उरलेला चहा पिऊन टाकला.

खाली फाटकाशी आणखी चौघं पत्ता विचारत होती. तिने चहाचं पाणी पुन्हा ठेवलं.