अकोल्याहून येणारा दहावा

अकोल्याहून फोन आला तेव्हा सिप्पोराबाई मलिद्याच्या पोह्यांत गूळ आणि खोबरं कालवत होत्या. फोन त्यांच्या भाच्याच्या, अहरोनच्या बायकोचा होता. स्टेशनला निघता निघता अहरोन जिन्यावरून घसरला. पाय सुजून भोपळा झाला, डॉक्टर उठू देत नाहीत. "रडले हो ते, मामी," ती म्हणाली. सिप्पोराबाईंनी उलट तिचीच समजूत काढली. फोन ठेवला आणि परात बाजूला सारली.

दहावा माणूस येणार नव्हता.

आज त्यांच्या नातवाचा बार मिट्झवा होता. नथानेलला, म्हणजे घरच्या नाथाला, तेरा वर्षं पुरी झाली होती. या वयात ज्यू मुलगा धर्माने मोठा होतो आणि पहिल्यांदा चारचौघांसमोर तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचतो. पण तोराची गुंडाळी उघडायची तर दहा मोठे ज्यू पुरुष हजर लागतात. नऊ असले तर ती मखमलीतच राहते.

त्यांच्या मुलाने, रूबेनने, ठाण्याला हॉल बघून ठेवला होता. "आई, अमरावतीत आपलं एकच घर उरलं. ठाण्याला सिनेगॉग आहे, माणसं आहेत. आपण नुसतं जाऊन उभं राहायचं."

"तुझा याच घरात झाला, त्याचाही इथंच होईल. माणसं मी जमवते," त्या म्हणाल्या होत्या. आणि खरोखरच नागपूर, भुसावळ, कल्याणला फोन करकरून त्यांनी माणसं जमवली. शनिवारी आपल्यात प्रवास चालत नाही, म्हणून गुरुवार धरला. गुरुवारीही तोरा वाचतात.

रूबेनच्या वेळचा दिवस त्यांना लख्ख आठवत होता. बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांतून, मूर्तिजापूरहून, अकोल्याहून लोक आले होते. गार्ड, फिटर, फॉरेस्टचे कारकून. अंगणात चपला मावत नव्हत्या आणि पोरांनी त्यांच्या जोड्या बदलून ठेवल्या होत्या. मग एकेक घर उठलं. कोणी मुंबईला गेलं, कोणी इस्राएलला. रूबेनच्या वेळी पुरुष मोजायची वेळच आली नव्हती.

शेजारच्या मनकर्णाबाई मागच्या दाराने आल्या. हातात त्यांच्याच मळ्यातल्या शेवंतीचे हार.

"काय झालं वो? तोंड काहून उतरलं?"

सिप्पोराबाईंनी सांगितलं.

"इतकंच ना? आमचे पंजाबराव बसवा. डोक्शावर टोपी घालून देतो. घरी तं तोंड उघडत नाईत, इथंबी गप बसतीन."

सिप्पोराबाईंना हसू आलं. "नाही चालत, मनकर्णा."

"कोन पायते?"

"ज्याच्यासाठी करतो, तो पाहते ना."

"हो बाप्पा, त्याले काई फसवता येत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि केळी सोलायला बसल्या.

तेवढ्यात रूबेन आत आला. घड्याळाकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजला. 'मी म्हटलं होतं' असं तो म्हणाला नाही. "लोकांना जेवू घालू," तो हळूच म्हणाला. "पुढच्या महिन्यात ठाण्याला करू. मी सांगतो त्यांना."

"मी सांगते. हट्ट माझा होता."

नाथा दारात उभा होता. अंगावर नवा सदरा, खांद्यावर आजोबांची प्रार्थनेची शाल. वर्षभर रोज संध्याकाळी तो फोनवरून शिकवणी घेऊन आपला उतारा घोकत होता. आताही त्याचे ओठ हलत होते.

"आजी, आज नाई वाचायचं का?"

"सगळ्यांना पाणी दे, बेटा," सिप्पोराबाई म्हणाल्या. त्याने ट्रे उचलला. डोक्यावर पदर घेऊन त्या त्याच्या मागोमाग बाहेर आल्या.

बाहेरच्या खोलीत शिमशोनकाका तोरा मांडीवर घेऊन बसले होते. बडनेऱ्याचे जुने गार्ड. आता मुलाकडे कल्याणला राहत, पण बोलणं इकडचंच राहिलं होतं. तिकडून येताना रेल्वेतही तोरा त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती. कानांनी मात्र फार कमी ऐकू यायचं.

"काका, अहरोन येत नाही," सिप्पोराबाई मोठ्याने म्हणाल्या. "एक माणूस कमी पडला. चुकलं माझं."

"कमी? थांब, पायतो."

आपल्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. दहा शब्दांचं एक वचन आहे. माणसागणिक त्यातला एकेक शब्द म्हणायचा. काकांनी पहिला शब्द स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हटला. मग त्यांचं बोट सावकाश खोलीभर फिरू लागलं. नागपूरचे पाहुणे झाले, भुसावळचे झाले, कल्याणचे झाले. नववा शब्द रूबेनवर आला आणि त्याने मान खाली घातली.

बोट थांबलं नाही. पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नाथापाशी आलं. काकांनी दहावा शब्द खणखणीत म्हटला आणि मखमलीची गाठ सोडायला घेतली.

"काका, काका," सिप्पोराबाई घाईघाईने पुढे झाल्या. "तो नाथा आहे! लेकरू आहे ते आपलं!"

काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"मंग आज आपन इथं कायच्यासाठी जमलो, सिप्पोरा?"