किशनरावांची फटफटी

तो माणूस आज तिसऱ्यांदा आला होता, आणि आजही त्यानं गाडीची किंमत विचारली नाही. किशनरावांना खटकलं ते हेच.

फटफटी बघायला लोक यायचेच. भालकीपासून उदगीरपर्यंत असली जुनी बीएसए दुसऱ्या कुणाच्या दारात नव्हती. येणारा आधी तोंडात बोट घालायचा, मग टाकीवरून हात फिरवायचा आणि शेवटी हळूच विचारायचा, "अण्णा, देता का?" किशनराव खो खो हसायचे. "घर माग, बैलं माग. गाडी मागू नगं!" आत सुमनबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "सवत हाय माझी ती," त्या शेजारणींना सांगायच्या.

हा मात्र गाडीला हातच लावत नव्हता. चाळिशीचा, अंगानं बारीक, कपाळावर विभूती. नाव काशप्पा, गाव आळंदकडचं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. पहिल्या खेपेला तो पडवीच्या खांबाला टेकून अर्धा तास नुसता बघत राहिला. दुसऱ्या खेपेला खाली वाकून इंजिनावरचा नंबर वाचू लागला, तेव्हा किशनरावांनी पुसायचं फडकं झटकन त्यावर टाकलं.

"नंबर कामून बघायलास?"

"छंद हाय, अण्णा. जुन्या गाड्यांचा."

"मग फोटो काढ की मोबाइलवर."

"फोटो हाय माझ्याकडं," काशप्पा म्हणाला.

फोटो आहे? यानं कधी काढला? किशनरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्याच संध्याकाळी मागच्या चाकाला साखळी आली, दाराला दुसरं कुलूप आलं. हैदराबादेत असल्या गाड्या चोरून विकणाऱ्या टोळ्या असतात म्हणे. आधी एखादा गरीब तोंडाचा माणूस पाळतीवर पाठवतात. पस्तीस वर्षं जिवापाड जपलेली गाडी! स्वतःच्या हातानं रंगवून हिरव्याची काळी केली होती. मोठ्या रस्त्यावरची धूळ तिला कधी लागू दिली नाही. घर ते शेत, शेत ते घर, बस्स. पोटच्या पोराला कधी किक मारू दिली नाही. तीच गेली तर म्हातारपणी उरलं काय, या विचारानं त्यांनी रात्री दोनदा उठून कुलूप ओढून बघितलं.

आणि आज नेमकी खंडेनवमी. गावभर नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, सगळं धुऊन पुसून अंगणात मांडलेलं. किशनरावांनीही फटफटी बाहेर काढली होती. दरसालच्या सवयीनं झेंडूचा जाड हार हेडलाइटवर घातला होता. या दिवशी पूजेला दारात आलेल्या माणसाला परत लावत नाहीत. काशप्पानं बरोबर हाच दिवस धरला होता.

"शरणु शरणार्थी," हातात नारळ घेऊन तो नमस्कार करत उभा.

"या की, बसा," सुमनबाई म्हणाल्या. "सणाचं माणूस आलंय."

हिला काडीची अक्कल नाही! किशनरावांनी दात खाल्ले.

चहा आला. काशप्पानं बशीत ओतला, फुंकला. "कुठनं घेतलाव ही गाडी, अण्णा?"

"लिलावात. हैदराबादला. मिलिट्रीची हाय."

"अवो, नवाबाकडनं आणली म्हणायलाव की दरसाल," सुमनबाई हसल्या.

"नवाबाचीच लिलावात निघालीवती! तुला काय कळतंय त्यातलं?"

"कागद हाईत?" काशप्पानं विचारलं.

"एवढ्या जुन्या गाडीला कसले आलेत कागद?"

काशप्पानं मान हलवली. बशी खाली ठेवली. "वढ्याकडचा तुकडा पडीकच ठेवलाव म्हणं तुम्ही. चांगली काळी जमीन हाय की."

"खडक हाय खाली," किशनराव तुटकपणे म्हणाले. गाडीवरून एकदम शेतावर! पळायची वाट बघून ठेवायलाय गडी. त्यांनी साखळीची किल्ली कमरेला आहे की नाही, ते चाचपून बघितलं.

"पूजा करू का मी? आमच्यात विभूती लावतात."

नाही म्हणायची सोयच नव्हती. सुमनबाईंनी ताट पुढं केलंसुद्धा.

"टाकीला लाव," किशनराव म्हणाले. "टाकीलाच."

पण काशप्पानं टाकीकडं बघितलंही नाही. दोन्ही हातांनी हेडलाइटवरचा हार उचलून त्यानं हँडलवर ठेवला. तीन बोटांवर विभूती घेतली आणि हेडलाइटच्या वरच्या पत्र्यावर आडवी ओढली. बोटं सरळ गेली, जराही चुकली नाहीत. मग त्यानं नखानं रंग खरवडला. काळा पापुद्रा सुटला, खालचा हिरवा दिसला, आणि हिरव्यात कोरलेल्या तीन आडव्या रेघा.

"धुतली की विभूती जाते म्हणून माझ्या अप्पानं खिळ्यानं कोरून घेतलीवती," काशप्पा म्हणाला. "मी पाच वर्साचा होतो. टाकीवर बसून बघत होतो."

सुमनबाईंनी ताट खाली ठेवलं. "अवो, ह्यो काय म्हणायलाय?"

"तू आत जा!" किशनराव उठले. अखेर पोटातलं ओठावर आलं तर! "गाडी न्यायला आलास व्हय? आज पस्तीस वर्सानं? जीव गेला तरी देणार न्हाई! एक चाकबी हलू देणार न्हाई!"

काशप्पानं हात जोडले. त्याच्या बोटांवर अजून विभूती होती.

"गाडी तुम्हालाच राहू द्या, अण्णा. अम्मा लई थकलीय. माझ्या अप्पाला कुठं पुरलाव, तेवढं दाखवा."